विकत घेतलेला उन्हाळा

मे महिना उजाडला, की अमेरिकेत अकरावीतील मुलामुलींच्या घरी एकच प्रश्न घोळू लागतो : या सुट्टीत काय करायचे? तेथील हायस्कूल बारावीपर्यंत असते आणि कॉलेजप्रवेशाचे अर्ज बारावीच्या पहिल्या काही महिन्यांतच भरावे लागतात. त्यामुळे मधल्या दहा-अकरा आठवड्यांत जे हातून घडेल, तेच अर्जात भर म्हणून दाखवता येते. प्रश्न दिसायला घरगुती आहे. परंतु त्याचे उत्तर कोणाला काय सुचते आणि कोणाला काय परवडते, हे पाहिले की त्या समाजातील वर्गरचना उघडी पडते.

तेथील निवडक कॉलेजे केवळ गुण पाहत नाहीत. विद्यार्थ्याने शाळेबाहेर काय केले तेही तोलतात. अनेक कॉलेजांना चालणाऱ्या समाईक अर्जात अशा दहा उपक्रमांची नोंद करण्याची सोय आहे. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. तीन तासांच्या परीक्षेने माणूस मोजू नये, हे पुरोगामी शिक्षणविचाराचेच म्हणणे आहे. पण उपक्रमांना वजन येताच उपक्रमांचा बाजारही भरला.

या बाजाराचे वेळापत्रक पाहण्याजोगे आहे. ज्या उन्हाळी वर्गांना खरी प्रतिष्ठा आहे आणि ज्यांचे शिक्षण विनाशुल्क असते, त्यांचे अर्ज हिवाळ्यातच बंद होतात. डिसेंबरात जूनचा विचार करावा हे ज्याला कोणी सांगितले, त्यालाच ते दार उघडे. सांगणार कोण? तेथील समुपदेशकांच्या संघटनेने २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात २०२२-२३ मध्ये देशभराची सरासरी साडेतीनशेच्या वर होती. सधन घरात मात्र खासगी सल्लागार असतो. मे महिन्यात जागा झालेल्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः पैसे मोजून मिळणारे वर्गच उरतात. नामांकित विद्यापीठांच्या आवारात दोन आठवड्यांच्या निवासी वर्गाला पाच हजार डॉलरांहून अधिक शुल्क पडते. आता थोडा हिशेब करावा. २००९ पासून केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. काही राज्यांनी ते बरेच वाढवले. टेक्सास आणि पेन्सिल्व्हेनियाने वाढवले नाही. या दराने पाच हजार डॉलर मिळवायला सुमारे ६९० तास, म्हणजे आठवड्याला ४० तास धरून सतरा आठवडे राबावे लागेल. सुट्टी त्याहून लहान आहे! दुकानातील मुलाने सबंध उन्हाळा विकला तरी श्रीमंत मुलाचे दोन आठवडे त्याला विकत घेता येत नाहीत.

एके काळी उन्हाळी नोकरी हा अमेरिकन तरुणपणाचा नित्यक्रम होता. जुलै १९७८ मध्ये सोळा ते एकोणीस वयाच्या मुलांपैकी सुमारे ७२ टक्के कामावर किंवा कामाच्या शोधात होते. जुलै २०१६ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. कारणे अनेक आहेत, पण उन्हाळ्यातही वर्गात बसणाऱ्यांची वाढलेली संख्या हे त्यांतील एक.

अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये अशा वस्तूंचे विवेचन केले होते, की ज्यांचे मोल त्या इतरांजवळ नसण्यात असते. विकतचा उन्हाळा ही तशी वस्तू आहे. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मूल बारा अतिनिवडक कॉलेजांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक असते. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर गुणांकन ही त्याची कारणे. यांतील अभ्यासेतर गुणांकनाचा पुढील आयुष्यातील यशाशी संबंध आढळला नाही, हे विशेष. वारशाने मिळणाऱ्या प्रवेशावर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये खासगी कॉलेजांसाठीही कायद्याने बंदी घातली. उन्हाळ्याच्या खरेदीला असा प्रतिबंध नाही.

हा विषय दूरचा मानण्याचे कारण नाही. मुंबई-पुण्यातील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतून तिकडे अर्ज करणारी मुले हाच उन्हाळा विकत घेतात, आणि वडिलांच्या स्नेह्याच्या कचेरीत घालवलेल्या तीन आठवड्यांना ‘अनुभव’ म्हणतात. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून श्रमालाच शिक्षणाचे भांडवल केले, तेथे हे पाहावे लागावे! तिकडच्या नातलगांच्या मुलांनी अजून काहीच ठरवले नसेल, तर त्यांना एवढे अवश्य कळवावे, की त्याच समाईक अर्जात पगारी काम आणि कौटुंबिक जबाबदारी असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. किराणा दुकानातील गल्ला किंवा धाकट्या भावंडांचा सांभाळ तेथे बिनदिक्कत लिहावा. निवड करणारे त्याला किती गुण देतात, हा जाब कॉलेजांना विचारला पाहिजे.

दुसरी वाट न्यूयॉर्क शहराने १९६३ पासून चालवली आहे. चौदा ते चोवीस वयाच्या तरुणांना सार्वजनिक पैशातून सहा आठवडे पगारी काम दिले जाते. अर्ज जागांहून अधिक येतात, म्हणून निवड मुख्यतः सोडतीने होते. अलीकडे तेथे सुमारे एक लाख जागा आहेत. २००५ ते २००८ या वर्षांच्या सोडतींचा अभ्यास झाला, तेव्हा चिठ्ठी निघालेल्या तरुणांत तुरुंगवास आणि मृत्यू यांचे प्रमाण चिठ्ठी न निघालेल्यांपेक्षा कमी आढळले. कॉलेजप्रवेश मात्र वाढले नव्हते.