बालकवितेलाही समीक्षक हवा

'मुलांना आवडलं की झालं, त्यात समीक्षा कसली करायची?' असं साहित्यातल्या जाणकारांकडूनही ऐकू येतं. वरवर हे मुलांच्या बाजूचं बोलणं वाटतं. पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती कोणतं पुस्तक पडणार हे आईबाप, बालवाडीच्या ताई आणि प्रकाशक ठरवतात. निवड मोठ्यांनी करायची आणि तिची जबाबदारी मुलाच्या आवडीवर ढकलायची, हे मला मुळीच मान्य नाही. शिवाय ठेका मिळाला की मूल कशावरही डोलतं. मात्रा भरून काढायला ओळीत 'छान छान', 'गोड गोड' कोंबणाऱ्या कवीला आणि शब्द तोलून ठेवणाऱ्या कवीला टाळ्या सारख्याच पडतात. दोघांतला फरक मग सांगायचा कुणी?

दुसरा आग्रह संस्कारांचा. त्या मापाने मोजायचं तर पावसाला पैशाचं आमिष दाखवणारं आपलं पारंपरिक गाणं आधी बाद करावं लागेल. त्यात पैसा खोटा ठरतो आणि पाऊस तरीही मोठा येतो. फसवणाऱ्याला ना शिक्षा, ना पश्चात्ताप! आर्जव, लाच, फजिती आणि धो धो सर, एवढं नाट्य मोजक्या शब्दांत मावलं आहे आणि यमक येतं तेही नेमकं अनपेक्षित घटनेवर. ते गाणं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राहिलं ते या बांधणीमुळे. त्यातून कोणता सद्गुण शिकायचा, हे कुणीही विचारलं नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे बालकविता हा मोठ्या कवीचा विरंगुळा. विंदा करंदीकरांच्या मोठ्यांसाठीच्या कवितासंग्रहांपैकी 'ध्रुपद' १९५९चा, 'जातक' १९६८चा. या दोहोंच्या मध्ये 'राणीची बाग', 'एकदा काय झाले', 'सशाचे कान', 'एटू लोकांचा देश' आणि 'परी गं परी' ही बालकवितांची पुस्तकं आली. विरंगुळा असा वर्षानुवर्षं चालत नाही. रूढ जगाला उलटं करून पाहण्याची जी वृत्ती पुढे त्यांच्या 'विरूपिका'त दिसते, ती एटूंच्या देशात आधीच मोकळी सुटली आहे. त्यांच्याच 'पिशी मावशी आणि तिची भुतावळ'मध्ये भीती आणि हसू एकाच वेळी येतात, आणि ते साधणं सोपं नाही. तरी विंदांची ओळख करून देताना बालकविता येते ती 'याशिवाय' या शब्दानंतर.

बालकवितेच्या समीक्षकाने कविता आधी मोठ्याने म्हणावी. जीभ कुठे अडखळते, ऱ्हस्वाला ओढून दीर्घ कुठे करावं लागतं, ते लगेच कळतं. मग पाहावं, कवितेतला ससा ससाच आहे की उपदेश करायला आणलेला मास्तर? मुलाचा तर्क कवीने शेवटपर्यंत पाळला आहे, की मध्येच लाडिक स्वर काढून मोठ्यांकडे डोळे मिचकावले आहेत?

विंदांना ज्ञानपीठाचं वलय तरी आहे. ग. ह. पाटलांचं काय? आकाश, सूर्य आणि चांदण्यांचं सौंदर्य सांगणारी त्यांची प्रार्थना असंख्य शाळांत म्हटली गेली, पण म्हणणाऱ्या कितीजणांना कवीचं नाव सांगता येईल? त्यांच्या बालकवितांची कालक्रमाने नीट मांडणी, पाठ्यपुस्तकांत येताना ओळी बदलल्या का याचा शोध आणि त्यांच्या लयीचा बारकाईने अभ्यास, एवढं काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आता हाती घ्यावं.