बुमराहच्या विश्रांतीवर हसण्याआधी



सोनागिरीच्या पार्कात रोज सकाळी आम्हा पाच-सहा पेन्शनर लोकांची बैठक जमते. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळला, तेव्हापासून तिथे एक विषय कायमचा आहे. "चार ओव्हर टाकल्या की यांना विश्रांती लागते! आमच्या वेळचे बोलर बघा, दिवसभर टाकायचे." मीसुद्धा हेच म्हणायचो, अगदी मोठ्या आवाजात. आता म्हणत नाही. का, ते सांगतो.

माझे वडील 1960 साली हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नोकरीसाठी भोपाळला आले. मी दहा वर्षांचा होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये रेडिओ होता. त्या डिसेंबरात ब्रेबॉर्नवर पाकिस्तानविरुद्ध कसोटी लागली. कॉमेंट्री इंग्रजीतून, वडील ती आम्हाला मराठीत सांगायचे. दहाव्या नंबरवर आलेल्या रमाकांत देसाईनं 85 धावा काढल्या, नाना जोशींबरोबर नवव्या विकेटसाठी 149 ची भागीदारी केली. तेव्हापासून देसाई आमच्या घरचाच झाला. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, टोपणनाव 'टायनी', आणि टाकायचा काय तर बाउन्सर! त्या मालिकेत त्यानं 21 विकेट काढल्या.

वडिलांची आवडती गोष्ट मात्र त्याआधीची. फेब्रुवारी 1959, दिल्ली, समोर वेस्ट इंडीज, देसाईची पहिलीच कसोटी. वय 19. वेस्ट इंडीजनं 644 धावा केल्या आणि या पोरानं एका डावात 49 ओव्हर टाकल्या. चार विकेट घेतल्या. "याला म्हणतात जिगर," वडील म्हणायचे. मी हीच गोष्ट माझ्या मुलाला सांगितली, मग नातवाला.

नातू फास्ट बोलिंग टाकतो. पंधराव्या वर्षी उंच झाला, हात चांगला सुटायला लागला. शाळेची टीम, कॉलनीची टीम, रविवारची टेनिस बॉलची टुर्नामेंट, सगळीकडे त्याला मागणी. मला कोण अभिमान! एकदा सूनबाई म्हणाली, "बाबा, त्याची कंबर दुखते म्हणतोय." मी म्हटलं, "अगं, रमाकांत देसाईनं 49 ओव्हर टाकल्या होत्या. थोडं दुखणारच." पोरगं बिचारं माझ्याकडे बघून पुन्हा मैदानावर गेलं.

दोन महिन्यांनी त्याला वाकून बूटही घालता येईना. डॉक्टरांनी एमआरआय काढला. कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. म्हणजे एका फटक्यात मोडलेलं हाड नव्हे, रोजच्या ताणानं हळूहळू गेलेली चीर. या वयात हाडं पुरती पक्की झालेली नसतात, म्हणून वेगवान बोलिंग करणाऱ्या मुलांत हे जास्त दिसतं, असं ते म्हणाले. सहा महिने बोलिंग बंद. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्या सहा महिन्यांत मी देसाईची कारकीर्द पुन्हा नीट मांडून बघितली. बँकेतल्या माणसाची सवय, आकडे समोर हवेत. पहिल्याच रणजी मोसमात 50 विकेट. लगेच त्या 49 ओव्हर. लगेच 1959 चा इंग्लंड दौरा, लॉर्ड्सवर 89 धावांत 5 विकेट. मग पाकिस्तान, मग वेस्ट इंडीज. 1965 मध्ये मुंबईत न्यूझीलंडच्या 6 विकेट 56 धावांत. बहुतेक खेळपट्ट्या फलंदाजांच्या किंवा फिरकीच्या, आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या तोडीचा वेगवान जोडीदार क्वचितच. वेगवान बोलरची तेव्हा इतकी वानवा, की 1967 ला बर्मिंगहॅम कसोटीत नवा चेंडू बुधी कुंदरनच्या हाती द्यावा लागला, आणि तो मूळचा विकेटकीपर!

फेब्रुवारी 1968 मध्ये ड्युनेडिनला डिक मॉट्झच्या चेंडूनं देसाईचा जबडा मोडला. तरी तो उभा राहिला, बेदीबरोबर शेवटच्या विकेटसाठी 57 धावा जोडल्या. आपल्याला नऊ धावांची आघाडी मिळाली आणि परदेशातला आपला पहिला कसोटी विजय तिथेच झाला. त्या दौऱ्यानंतर देसाई भारतासाठी पुन्हा कसोटी खेळला नाही. एकूण 28 कसोटी, 74 विकेट. वय 28.

अठ्ठावीस! हा आकडा मी इतकी वर्षं कधी सांगितलाच नव्हता. फक्त 49 सांगत होतो.

आम्ही ज्याला जिगर म्हणत होतो ती खरीच होती, तिच्यात खोट नाही. पण त्याच्याकडून तेवढं काम करून घेणाऱ्यांचं कौतुक कशाला? चालत्या बैलालाच पराणी टोचायची, ही आपली जुनी खोड. बँकेतही तेच बघितलं. क्लोजिंगला जो नाही म्हणत नाही, त्याच्याच टेबलावर सगळी लेजरं.

पार्कातले मित्र लगेच कपिलदेव काढतात. 131 कसोटी, दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. कबूल. पण एक कर्जदार वेळेवर हप्ते भरतो म्हणून आपण सगळ्या गावाला विनातारण कर्ज देत होतो का? बुमराहच्या पाठीचं 2023 मध्ये ऑपरेशन झालं. तरी 2024-25 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यानं 32 विकेट काढल्या, आणि शेवटच्या सिडनी कसोटीत दुसऱ्या डावात पाठीमुळे तो चेंडूच टाकू शकला नाही. सामना गेला. अशा बोलरला जपणं म्हणजे लाड नव्हेत, साधा हिशोब आहे.

नातू आता पुन्हा टाकतो. मी जुन्या डायरीत रोजचे चेंडू लिहितो, शाळेचे आणि कॉलनीचे एकत्र, कारण कंबर एकच आहे. मागच्या रविवारी त्याच्या सहा ओव्हर झाल्या. कॅप्टननं सातवी मागितली. नातवानं बाउंड्रीवरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. मॅच हरलो. पोरं दिवसभर माझ्यावर रुसली.

तुमच्या घरात असा कोणी चेंडू टाकणारा असेल, तर त्याला देसाईची गोष्ट जरूर सांगा. फक्त पूर्ण सांगा, 49 पण आणि 28 पण. आणि तो दुखतंय म्हणाला, तर तिथेच थांबवा.

ज्यांनी देसाईला प्रत्यक्ष खेळताना बघितलंय, त्यांनी आठवणी नक्की लिहा. मी फक्त ऐकलाय.