घेताना गोड लागलं ना?

परवा सकाळी एक जुना विद्यार्थी दारात उभा. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं. "बाई, पाच हजार होतील का?" म्हणाला आणि खाली बघत राहिला. पाढे चुकले की शाळेतही असाच बघायचा.

चहा झाल्यावर हळूहळू सांगितलं. एका खासगी सावकाराकडून ५०,००० घेतले. हातात आले ४०,०००, दहा आधीच कापलेले. मग रोज संध्याकाळी गल्ल्यातून ५०० रुपये, १०० दिवस. गिऱ्हाईक येवो न येवो. शिवाय सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे. हप्ते थकले म्हणून आता दुसऱ्याकडून घेऊन पहिल्याला देतोय.

मी वही काढली. ४०,००० वर १०० दिवसांत १०,००० म्हणजे सरळ हिशेबानेच वर्षाला ९१ टक्के. मुद्दल रोज कमी होतं हे धरलं तर खरा दर जवळजवळ दुप्पट!

रविवारी घरात विषय निघाला. आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, "घेताना गोड लागलं ना? मग फेडा!" माझं भांडण या वाक्याशी आहे.

फेडू नये असं कोण म्हणतंय? पण किती फेडायचं हे सावकाराने ठरवायचं नसतं. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. (बँकांना तो लागू नाही, सावकारांना आहे.) परवान्याशिवाय सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतकरी नसलेल्यांच्या विनातारण कर्जाला २०१४ साली ठरलेला दर वर्षाला १८ टक्के. चक्रवाढ व्याजाला बंदी. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपला जुना दामदुपटीचा नियमच तो. आणि कर्ज देताना परवाना नव्हता, तर कोर्ट सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देऊ शकत नाही. तक्रार करायची तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात. धमक्या आल्या तर पोलिसांत.

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, कारण कोर्ट खतावरचा आकडाच खरा मानत होतं. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यांना कायदा मिळवण्यासाठी दंगा करावा लागला. आपल्याकडे कायदा आहे, पण त्या कचेरीची पायरी चढायची लाज वाटते! ही लाज सावकाराने नाही पेरली. "घेताना गोड लागलं ना" म्हणणाऱ्या आपण पेरली. त्याचा धंदा तिच्यावरच चालतो.

कचेरीत खेटे पडतील, कबूल. पुरावा लागेल, म्हणून रोजच्या ५०० ची नोंद तारखेनिशी लिहायला सांगितलीय. तो लिहितोय. अक्षर अजून तसंच, तिरकं.

पाच हजार मात्र मी दिले नाहीत. ते त्याच संध्याकाळी सावकाराच्या खिशात गेले असते. सोमवारी त्याच्याबरोबर कचेरीत जाणार आहे. गुडघे कुरकुरतील, असो.