मानेची डॉप्लर पॅकेजमध्ये कशाला?

डाव्या डोळ्यापुढे काही मिनिटं अंधारी आली आणि गेली. उजव्या हातातला कप निसटला, जीभ जड झाली, अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. घरात निदान होतं: पित्त, नाहीतर जागरण. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी ज्यांची तातडीने व्हायला हवी, ती हीच माणसं. पण ही तपासणी 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये घालून विकली जाते ती धडधाकटांना.

तपासणी तशी निरुपद्रवी. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. मानेवर जेल लावून प्रोब फिरवायचा. चरबीच्या थराने धमनी अरुंद झाली की रक्त तिथून जोरात उसळतं, नळीचं तोंड बोटाने दाबल्यावर पाणी उसळतं तसं. यंत्र हा वेग मोजतं. ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 साली प्रागमध्ये हे तत्त्व मांडलं ते जोडताऱ्यांच्या रंगांसाठी; रक्तपेशी त्याच्या ध्यानीमनीही नसाव्यात. अमेरिकी तज्ज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार वेग सेकंदाला 125 सेंटीमीटरच्या वर गेला तर धमनी निम्म्याहून अधिक अरुंद, 230 च्या वर गेला तर 70 टक्क्यांहून अधिक. प्रोबच्या लहरींचा कोन 60 अंशांपलीकडे गेला की आकडा फसवू लागतो. म्हणून अहवालात नुसतं 'माइल्ड' नको, वेगाचे आकडे हवेत.

70 टक्क्यांना एवढं महत्त्व आलं ते 'नॅसेट' या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीमुळे. तिचे निष्कर्ष 1991 साली आले. लक्षणं दिसून गेलेल्या आणि इतक्या अरुंद धमन्यांच्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या 26 टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघाताचा झटका आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं. शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत झाली तर फायदा सर्वाधिक. इथे दिवस वाया घालवणं परवडत नाही.

लक्षणं नसलेल्यांचा हिशेब वेगळा. एक लाख प्रौढांत हजार जणांना खरा आजार आहे असं धरा. तपासणी 94 टक्के आजारी ओळखते आणि 92 टक्के निरोग्यांना निरोगी ठरवते, म्हणजे चांगलीच. तरीही 940 खऱ्या रुग्णांबरोबर 7,920 निरोगी माणसं संशयित ठरतात. पुढे अँजिओग्राफी, कदाचित शस्त्रक्रिया. आणि या दोन्हींत खुद्द पक्षाघाताचा धोका असतो! लक्षणं नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची सरसकट तपासणी करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलाने 2021 मध्ये पुन्हा बजावलं ते यामुळेच.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त, आणि मानेवरचा प्रोब तिथवर पोहोचत नाही. 'नॉर्मल' अहवाल हाती आला म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणाऱ्याला, तंबाखूची पुडी पुन्हा उघडणाऱ्याला हे कोणतंही पॅकेज सांगत नाही.