भंगारातले सोने कुणाच्या हाती?

घरातली जुनी मोटार भंगारात निघते, तेव्हा आपण भाव करतो तो लोखंडाचा. गाडीच्या पोटाखाली, धूर बाहेर नेणाऱ्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम दडलेले असते, हे विकणाऱ्याच्या गावीही नसते. जाणत्या भंगारवाल्याला मात्र ते पक्के ठाऊक असते.

हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावरचा या धातूंचा सूक्ष्म थर धुरातील विषारी वायूंची तीव्रता कमी करतो. हे धातू उत्प्रेरक असल्याने खर्ची पडत नाहीत; गाडी म्हातारी झाली तरी ते बहुतांशी शाबूत राहतात.

एका गाडीत ते जेमतेम काही ग्रॅम. पण हिशेब पाहा : दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत टनभर खडक फोडला, तर साधारण तीन ते सहा ग्रॅम धातू मिळतात. टनभर जुन्या जाळ्यांत ते किलोच्या घरात असतात. आणि आपण हे धातू मुख्यतः आयात करतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो हाच!

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. जुने कन्व्हर्टरही तिच्यात येतात. पाऊल योग्यच आहे. पण माझ्या मते खरी अडचण कारखान्याच्या दाराबाहेर आहे. भट्टी उभी राहील, तिच्यापर्यंत माल पोचणार कसा?

शास्त्रशुद्ध पद्धतीत जाळी दळून तांब्या-लोखंडाबरोबर वितळवतात. मौल्यवान धातू त्यात उतरतात आणि पुढे वेगळे केले जातात. धूर आणि आम्ल यांचा बंदोबस्त तिथे करता येतो. हेच काम उघड्यावर, अम्लराजात केले, तर तांबूस विषारी धूर कामगाराच्या छातीत जातो आणि उरलेले आम्ल नाल्यात. अधिकृत केंद्राने लोखंडाचाच भाव दिला आणि गल्लीत रोख चार पैसे जास्त मिळाले, तर माल कुठे जाईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

म्हणून अनुदानाइतकीच पावती महत्त्वाची. तिच्यावर कन्व्हर्टरची किंमत वेगळी लिहिली जावी. छोट्या भंगारवाल्याला हाकलू नये. त्याचा माल रास्त भावाने घ्यावा. आणि गाडी देताना आपणही विचारावे, ‘कन्व्हर्टरचे किती धरले?’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला, तर भट्टीची वाट आपोआप सापडेल.