घरातला कामाचा वाटा परत मागून घ्या



या खेपेला पाककृती नाही की वाळवणाच्या युक्त्याही नाहीत. एका वाचक भगिनीच्या पत्राला उत्तर द्यायचं आहे. तशाच आशयाची आणखी चार-पाच पत्रं टेबलावर पडून आहेत, म्हणून हे उत्तर सगळ्यांनाच मिळून देते.

भगिनी ६१ वर्षांच्या. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. त्याआधीची दोन वर्षं त्यांच्या आजारपणात आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली. तेव्हा पहाटे पाचला उठून औषधं, पथ्याचं जेवण, रात्रीची जागरणं असं सगळं निभावणाऱ्या या बाई आता नऊ-नऊ वाजेपर्यंत अंथरुणातून उठत नाहीत. मुलगा-सून गुणी आहेत. "आई, खूप केलंत, आता तुम्ही काही करू नका," असं म्हणून त्यांनी स्वयंपाक, बाजार, बँक, गॅसचा नंबर लावणं, सारं आपल्याकडे घेतलं. आता जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागतं. दिवसा पेंग येते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "हे वय झालं म्हणायचं का?"

नाही, ताई. थोडंसं वयाचं असेल. पण बरंचसं रिकामपणाचं आहे. आणि रिकामपण माणसाचं काय करतं हे आम्हां देवळाली कॅम्पच्या लोकांना निराळं सांगायला नको, कारण आमच्या गावाचं नावच त्यापायी इंग्रजी भाषेत जाऊन बसलं आहे!

१८६१ साली इंग्रजांनी इथे फौजेची छावणी वसवली. विलायतेहून आलेल्या गोऱ्या शिपायांनी इथे उतरायचं आणि मुदत संपलेल्यांनी परतीच्या बोटीची इथे वाट पाहायची, अशी योजना. बोटी मात्र थंडीच्या मोसमातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली, त्याने कित्येक महिने इथेच पडून राहायचं. हत्यार जमा केलेलं, हुद्द्याचं काम नाही, जबाबदारी नाही, कधीमधी एखादी हजेरी नाहीतर कूच, बस्स. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, की नोकरीभर ज्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता अशी माणसं इथे वाट पाहता पाहता भलतंसलतं करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काहींची डोकी फिरत. त्याला शिपाई 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे आमची देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप! आजही इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात.

यात गंमत अशी, की हवा इथली उत्तम. त्याच हवेसाठी पुढे मुंबईच्या पारशी, गुजराती मंडळींनी लॅम रोडच्या आसपास आरोग्यभवनं बांधली, आणि दुखण्यातून उठलेली माणसं इथे हवापालटाला येऊन टवटवीत होऊन परत जाऊ लागली. हवा एकच, पाणी एकच. पण आरोग्यभवनात येणाऱ्याला उठायची वेळ असे, जेवायची वेळ असे, सकाळ-संध्याकाळ फिरणं असे, आणि बरं होऊन घरी कामाला लागायचं आहे हे डोक्यात पक्कं असे. छावणीतल्या बिचाऱ्याला फक्त वाट पाहायची असे.

तुमच्या मुला-सुनेने प्रेमापोटी तुम्हांला आरोग्यभवन द्यायला काढलं आणि नकळत छावणी दिली, असं मला वाटतं. त्यांना बोल लावू नका. पण वाटा परत मागा. तो कसा मागायचा ते पुढे सांगते. आधी शरीराचं बघू.

अंथरूण किती झटकन ताकद ओढून घेतं, याचा एक प्रयोग १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची श्रम सोसायची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. ३० वर्षांनी, पन्नाशीला आल्यावर, तेच पाचजण पुन्हा तपासले. ३० वर्षांच्या वयाने जेवढी ताकद नेली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने अधिक नेली होती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, धावणं, सायकल असा व्यायाम दिला, आणि प्रयोगाआधी विशीत होती तेवढी ताकद परत आली. माणसं पाचच होती आणि सगळे पुरुष होते, हे खरं. तरी 'वय झालं' म्हणण्याआधी 'पडून किती राहिले' हे मोजावं, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

सुरुवात मात्र डॉक्टरांपासून. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि रक्तदाब, एवढं तपासून घ्या. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा 'आळस' म्हणजे नुसता पंडुरोग असतो. जिना चढताना दम लागण्याबरोबर छातीत दाटत असेल, घाम फुटत असेल, पायांवर सूज असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय चालायलासुद्धा जाऊ नका.

आता दिनक्रम. उद्यापासून पहाटे पाचला उठेन असा पण करू नका, तो तिसऱ्या दिवशी मोडेल. नऊला उठता ना? साडेआठला उठा. चार दिवसांनी आठला. असं करत साडेसहावर आलात की थांबा. पाचला उठून आता करायचं तरी काय आहे! रात्री झोप लागो न लागो, उठायची वेळ बदलायची नाही. उठल्यावर पहिलं काम म्हणजे गॅलरीत नाहीतर अंगणात उजेडात दहा मिनिटं बसायचं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की रात्रीची झोप ताळ्यावर यायला मदत होते. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाची, तीही तीनच्या आत आटपायची.

चालणं पहिल्या आठवड्यात सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं, बस्स. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. वेग किती? चालताना बरोबरच्या बाईशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तिथे पोचायला दोन महिने लागले तरी चालतील. आमच्याकडे लोक सकाळी खंडोबाच्या टेकडीवर जातात; तुम्ही कुठेही असा, चढण मात्र दुसऱ्या महिन्याआधी नको. थंडीत कान बांधून निघा.

नुसत्या चालण्याने भागत नाही, हे बऱ्याचजणींना ठाऊक नसतं. वयाबरोबर मांड्यांतलं बळ जातं, आणि मग न्हाणीघरात पाय घसरला की सावरता येत नाही. त्यासाठी घरातलीच साधनं पुरेत. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात न टेकता उठा आणि सावकाश बसा. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. पहिल्यांदा नाही जमलं तर हाताचा आधार घ्या, लाज कसली? दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. भिंतीवर तळवे टेकून अंग पुढे न्या आणि मागे ढकला. आमच्या आज्यांना हे सांगावं लागत नसे, त्यांना जातं होतं आणि रहाट होता. पण जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांनी ते रोज ओढलं त्यांना कधी विचारून पाहा. मिक्सर आला हे बरंच झालं. फक्त वाचलेल्या श्रमांपैकी थोडे दुसऱ्या वाटेने अंगाला लागू द्यावेत.

खाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी ओळखलं. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन घास, रात्री पुन्हा चहाच. होय ना? एकटीसाठी काय करायचं, ही सवय जोडीदार गेल्यावर हटकून लागते. अशाने व्यायाम केला तरी स्नायू बनायचे कशाचे? या वयात वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत, म्हणजे वजन ५५ किलो तर ५५ ग्रॅम. एक वाटी घट्ट वरण किंवा एक अंडं म्हणजे सहा-सात ग्रॅम, पेलाभर दूध तेवढंच, वाटीभर उसळ आणि मूठभर दाणे त्याहून जरा जास्त. पोळी-भाकरीतूनही थोडी मिळतात. हिशेब करा, चहा-खारीत तो बसत नाही. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

आता वाट्याचं. सुनेला म्हणा, "मला मदत म्हणून नको, माझं म्हणून एक काम दे." हा फरक मोठा आहे. मदत म्हणजे कोथिंबीर निवडणं. ती नाही निवडली तरी कुणाचं अडत नाही. माझं काम म्हणजे जे मी केलं नाही तर घर अडेल. रात्रीचं विरजण, नातवाला शाळेच्या बसवर सोडणं, भाजी आणणं आणि तिचा हिशेब. बँकेचं पासबुक भरून आणायला स्वतः जा. पेन्शनचे कागद स्वतःच्या कपाटात ठेवा आणि ते काय आहेत हे मुलाकडून एकदा नीट समजून घ्या. यजमान गेल्यावर घरात काय कुठे आहे हे ठाऊक नसणं, ही आपल्याकडच्या शिकल्या-सवरलेल्या बायकांचीही गत असते, आणि ती मला कधीच पटलेली नाही.

अमेरिकेत कनेटिकट प्रांतातल्या एका वृद्धाश्रमात १९७६ साली दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी एक साधी गोष्ट केली. एका मजल्यावरच्या मंडळींना प्रत्येकी एक कुंडी दिली आणि सांगितलं, हिला पाणी तुम्हीच घालायचं, तुमचा दिवसही तुम्हीच ठरवायचा. दुसऱ्या मजल्यावर कुंड्या दिल्या, पण पाणी नर्सबाई घालतील म्हणून सांगितलं. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक हिंडतीफिरती आणि हुशारीत दिसू लागली. कुंड्या दोन्ही मजल्यांवर होत्या, हे ध्यानात घ्या. तुमच्या दारची तुळस सध्या कोण घालते?

कॅम्पात राहायचं म्हणजे फौजी घरं शेजारी असायचीच. तोफखान्याचं मोठं शिक्षण केंद्र इथे आहे. म्हणून एक नाव घेते. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला अतिरेक्यांशी लढताना गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी, पदरी दोन मुलं, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर, लष्करात जायचं ठरवलं. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली. पण निवडीची परीक्षा आणि चेन्नईच्या अकादमीतलं प्रशिक्षण त्यांना इतरांसारखंच पुरं करावं लागलं, तेही विशीतल्या मुलींच्या बरोबरीने. सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. हे वाचून "त्यांनी केलं, मग तुम्ही का नाही?" असं मी म्हणणार नाही, असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. मला त्यात दिसतं ते इतकंच, की दुःख ओसरायची वाट पाहत त्या थांबल्या नाहीत. पहाटेची शिटी वाजली की उठायचं होतं, मन तयार असो वा नसो. मन पुष्कळदा पायांच्या मागून येतं.

मात्र एक गोष्ट वेगळी काढून सांगते. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच सगळं उदास वाटत असेल, खाणं तुटलं असेल, आपण नसतो तर बरं असे विचार येत असतील, तर ते आळसाचं लक्षण नव्हे आणि चालून जाणारंही नव्हे. मनोविकारतज्ज्ञांकडे जा, औषध लागलं तर घ्या. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस दूरध्वनी २०२२ पासून आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. सुनेसमोर बोलवत नसेल तर तिथे बोला.

"सवय लागायला किती दिवस?" असं दुसऱ्या एकीने विचारलं आहे. २१ दिवस वगैरे सांगतात त्यावर विसंबू नका. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर पाहिलं तेव्हा सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तेव्हा पाहुणे आले, एकादशी आली, पाऊस आला, एक दिवस गेला तर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी मात्र निघा.

राहिला तुमचा चपलांचा प्रश्न. घरात वापरायच्या रबरी सपाता घालून रस्त्यावर फिरायला जाऊ नका, त्या घसरतात आणि टाच दुखते. साडीवर बूट कसे दिसतील म्हणून संकोचू नका. आमच्या लॅम रोडवर रोज सकाळी नऊवारीवर पांढरे बूट घालून चालणाऱ्या आजी मी पाहते, आणि त्यांच्याकडे वळून कुणी बघतही नाही. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. मोजे सुती घ्या.