मोजणी होण्याआधी जागे व्हा! दक्षिण गडचिरोलीच्या ग्रामसभांना जाहीर आवाहन



अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, मुलचेरा तालुक्यांतल्या सर्व ग्रामसभांना, गावच्या पाटील-भूमियांना, बचत गटांच्या बायांना, शिकलेल्या पोरापोरींना आणि इथे नोकरी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही हे आवाहन आहे.

परवा एका बैठकीत आमच्या कार्यकर्त्याने दोन मागण्या मांडल्या. मतदारसंघांची नवी आखणी होईल तेव्हा आमचा भाग तोडू नका, आणि शाळा-दवाखान्यांच्या कर्मचाऱ्यांना गावात राहण्याजोगी घरं द्या. त्यावर एक पदाधिकारी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्याकडे माणसं आहेतच किती?" काही जण हसले. हसणाऱ्यांत आपलेही होते, याचा राग जास्त आहे.

माणसं किती, ते ऐका. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा १०,७२,९४२ लोकांचा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. आमदार तीन. मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर आणि तिथे आमदार छत्तीस! तिथला आमदार सकाळी निघाला तर दुपारपर्यंत मतदारसंघ पालथा घालतो. आपल्या एकट्या अहेरी मतदारसंघात एटापल्ली, भामरागड, सिरोंचा आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, मग कुठला आमदार आणि कुठला अधिकारी! खासदाराची गोष्ट आणखी वाईट. गडचिरोली-चिमूर मतदारसंघ सिरोंच्यापासून थेट गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपर्यंत तीन जिल्ह्यांत पसरला आहे.

२००८ च्या आखणीत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. तेव्हा आपण झोपलो होतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला, पुणे ३० टक्क्यांनी, आपण जेमतेम साडेदहा. राज्याच्या जागा वाढोत न वाढोत, नुसती डोकी मोजून वाटणी झाली तर आपला वाटा घटणार, हे शाळकरी पोरालाही कळेल.

आणि ती डोकी तरी नीट मोजली जाणार आहेत का? १ मार्च २०२७ ही जनगणनेची संदर्भ तारीख आहे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपली माणसं कुठे असतात? मिरची तोडायला तेलंगणात! टोळ्याच्या टोळ्या गेलेल्या असतात, लेकराबाळांसकट. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची नोंद जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे आपल्या गावचा माणूस तेलंगणाच्या खात्यात जाणार आणि पुन्हा आपल्यालाच विचारणार, तुमच्याकडे माणसं किती?

मोजायला येणार कोण? बहुतेक ठिकाणी शाळेचे गुरुजी. मोजणी या वेळी मोबाइलवर, आणि आपल्या कित्येक गावांत नेटवर्क नाही. जो गुरुजी गावात राहतो, त्याला कोणाच्या घरात किती माणसं, कोण कधी परत येणार, पलीकडच्या टोल्यावर किती घरं, सगळं ठाऊक असतं. अपडाऊन करणाऱ्याला यातलं काय माहीत? म्हणून या दोन मागण्या वेगळ्या नाहीत. कर्मचाऱ्याला घर नाही म्हणून तो गावात नाही, तो गावात नाही म्हणून मोजणी कच्ची, आणि कच्च्या मोजणीवर उद्याच्या मतदारसंघाची रेघ ओढली जाणार.

कर्मचारी मुख्यालयी राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र घेतात, हा विषय ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत काढला. राज्यभर गदारोळ झाला, शिक्षक रस्त्यावर आले. पण आपल्या भागातली क्वार्टर्स कुणी पाहिली? पत्रे उडालेले, दाराला कडी नाही, हातपंपाला लाल पाणी. अशा घरात एकटी नर्सबाई रात्र कशी काढणार? आणि ती नसली की रात्री अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडायचा कुणी? आपणच. दोष एकट्या कर्मचाऱ्यांचा नाही. मात्र धड क्वार्टर असूनही जे तालुक्याला राहतात आणि गावात राहतो म्हणून सही ठोकतात, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की लाज बाळगा. आणि हे इथेच राहतात असा खोटा ठराव देणाऱ्या ग्रामसभांनीही बाळगावी.

काही शहाणे म्हणतात, संविधानात समान लोकसंख्येचं तत्त्व आहे. आहे, पण "शक्य असेल तितपत"! हिमाचलात लाहौल-स्पितीला ३१,५६४ लोकांमागे एक पूर्ण आमदार आहे. परिसीमनाच्या, म्हणजे मतदारसंघ आखणीच्या, २००२ च्या कायद्यातच भूगोल, दळणवळण आणि लोकांची सोय पाहायला सांगितलं आहे. झारखंडात आदिवासींच्या राखीव जागा २८ वरून २१ वर येणार होत्या. लोक उठले आणि २००८ मध्ये ती आखणी रोखली गेली. त्यामुळे "काही होत नाही" हे रडगाणं आमच्यापुढे गाऊ नका. आपल्या कार्यकर्त्यांनी पायी फिरून सामूहिक वनहक्काचे दावे भरले, तेव्हाही हेच लोक हसले होते. आज ग्रामसभा स्वतः तेंदूपत्त्याचा लिलाव करतात.

आता कामाला लागा. प्रत्येक ग्रामसभेने ठराव घ्यावा की आमचा पारंपरिक इलाका एकाच मतदारसंघात आणि एकाच जिल्हा परिषद गटात राहावा. खाली गावांची नावं लिहा, मधले नदी-नाले लिहा. मोघम ठराव कचऱ्यात जातो. शाळा, उपकेंद्र, ग्रामपंचायत यांच्या प्रत्येक क्वार्टरचा फोटो काढा, राहण्याजोगं आहे की नाही ते लिहा, आणि दुरुस्तीचा पैसा कुठे गेला ते माहितीच्या अधिकारात विचारा. पोरांनो, दिवसभर मोबाइल हातात असतो, तो यासाठी वापरा. मिरचीला जाणाऱ्या टोळ्यांची नावं आधीच वहीत उतरवा, ठेकेदाराशी बोला, मोजणीच्या दिवसांत निदान एकदा माणूस घरी येईल असं बघा. खोटं एकही नाव घालायचं नाही, खरं एकही सोडायचं नाही. आमदार-खासदारांना गाठून लेखी विचारा. मागच्या परिसीमन आयोगावर राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य होते. त्यांना मत नव्हतं, पण तोंड होतं.

सुरजागडचं लोहखनिज रात्रंदिवस ट्रकांनी जातं, त्याची मोजणी किलोकिलोने होते. आपली माणसं मोजताना मात्र हात आखडतो, हे चालू देऊ नका.

ठरावाच्या दोन प्रती करा, एक ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा. दुसरी घ्यायला आमचे कार्यकर्ते एटापल्ली, भामरागड, अहेरी आणि सिरोंचाच्या आठवडी बाजारात बसतील. सचिव रजेवर आहे ही सबब सांगू नका, ग्रामसभा तुमची आहे.